उत्क्रांतिवाद म्हणायचं की उत्क्रांतीचा सिद्धांत?

प्रश्न असा आहे की अमेरिकेत शिकणारा भाचा म्हणाला, इव्होल्यूशन ही नुसती थिअरी आहे, मग आपण मराठीत तिला थेट सिद्धांत कसं म्हणतो, उत्क्रांतिवाद जास्त बरोबर नाही का.

उत्क्रांतिवाद चूक नाहीच. सापेक्षतावाद आपण म्हणतोच की. जुन्या शास्त्रात वाद म्हणजे रीतसर मांडणी. पण आता वाद म्हटलं की मार्क्सवाद तरी आठवतो नाहीतर शेजाऱ्याशी भिंतीवरून चाललेला वाद, आणि गुरुत्वाकर्षणवाद असं कोणी म्हणत नाही, म्हणून मी तरी सिद्धांतच म्हणतो.

भाच्याचं वाक्य तिकडे जुनंच आहे. जॉर्जियातल्या कॉब काउंटीत 2002 मध्ये जीवशास्त्राच्या पुस्तकांवर स्टिकर लावले होते, उत्क्रांती ही थिअरी आहे फॅक्ट नाही, अशा अर्थाचे. 2005 मध्ये कोर्टाने ते काढायला लावले. आता हे मराठीत करून बघा, "उत्क्रांती हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही". हसू येतं ना? कारण सिद्धांतात सिद्ध आधीच बसलंय. इंग्रजीत थिअरी म्हणजे बोलताना अंदाजही होतो (आपणही "माझी एक थिअरी आहे" म्हणतो तेव्हा अंदाजच सांगत असतो), स्टिकरवाल्यांनी नेमकी तीच फट पकडली.

पण मराठीतली खरी गडबड मला वेगळ्याच जागी दिसते, ती म्हणजे "माकडाचा माणूस झाला" या वाक्यात. दुधाचं दही झालं, की दूध उरत नाही. बियाचं झाड झालं, की बी संपलं. आपली ही "अमक्याचं तमकं झालं" रचना एकच वस्तू पालटल्याचं सांगते, म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, मग अजून माकडं कशी आहेत? 2018 च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले होते की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही. अहो, पण तसं कोणी बघितलं असतं तर डार्विनच खोटा ठरला असता! त्याचं म्हणणं माकड आणि माणूस यांचा पूर्वज एक, म्हणजे आपल्या भाषेत भाऊबंद, लांबचे चुलत. चुलतभावाचा कधी मी होतो का?

उत्क्रांती हा शब्दही तसा धूर्तच, उत् म्हणजे वर, त्यामुळे जिना चढल्यासारखं वाटतं, माणूस शेवटच्या पायरीवर. डार्विनच्या म्हणण्यात तसा जिना नाही, फांद्या आहेत. आणि गंमत म्हणजे वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणं, ब्रह्मसूत्रांतही तो शब्द याच अर्थाने येतो, म्हणजे शब्द अध्यात्मातलाच, आपण तो जीवशास्त्राला दिला.

लिहिताना एक सांभाळा, सुटा शब्द उत्क्रांती दीर्घ, समासात उत्क्रांतिवाद ह्रस्व. उत्क्रांतीवाद असं छापलेलं खूप दिसतं, ते चूक.