शनिवार म्हणजे शनिवार

अमळनेर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं. चौदा पोरांचा गट, दर शनिवारी संध्याकाळी तुमच्या अंगणात स्वयंपाक, अकरा घरांना डबे, आणि दिवाळीनंतर पंचवीस घरं करायचा बेत. वाचून ऊर भरून आला. पंचवीस घरांना किती तांदूळ लागेल, असं तू विचारलं आहेस. तांदळाचा हिशेब सांगते, पण आधी एक मागणं आहे. पंचवीस करू नकोस. अकराच ठेव, आणि त्या अकरांत एकही शनिवार चुकू देऊ नकोस.

असं का म्हणते ते ऐक. प्रताप कॉलेजात शिकायला खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी मी बावीस वर्षं खानावळ चालवली, हे तुला आजीने सांगितलंच असेल. स्टेशनच्या मागच्या बाजूला एक म्हातारी राहायची. मुलगा सुरतेला मागावर कामाला होता, पैसे कधी यायचे, कधी नाही. रविवारी खानावळीतून तिला डबा जायचा. एका रविवारी मी धुळ्याला लग्नाला गेले. पोळ्या लाटणारी नेईल असं मला वाटलं, मी दुसऱ्या कोणाला सांगून गेले असेन असं तिला वाटलं. डबा गेलाच नाही. सोमवारी सकाळी मी धावत गेले. तिने चुलीसमोरची जागा सारवली होती. ताट मांडलेलं होतं, शेजारी तांब्या, आणि ताटात चार फाकी केलेला कांदा. त्या फाकींच्या कडा रात्रभरात वाळून मुडपल्या होत्या. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुनी वाट देखी माय. चूल पेटाडीच नही.”

तिच्या मडक्यात पीठ होतं, बेटा. डबा येणारच नसता तर तिने अर्धी भाकरी थापून खाल्ली असती. माझ्यावर विसंबली म्हणून ती उपाशी झोपली. ते ताट मी अजून विसरले नाही. आपण एकदा शब्द दिला की त्या घरची चूल त्या दिवशी आपल्या भरवशावर बंद राहते. तुझ्या गटात हे प्रत्येकाला कळलं पाहिजे. मसाला कमी-जास्त झाला तर चालेल.

आता घरांबद्दल. तुमच्या यादीत सगळ्यांना एकच डबा आहे, तिथे थोडं थांब. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. म्हणजे पुष्कळ घरांत गहू-तांदूळ असतो. नसते ती डाळ, तेल, भाजी. किंवा गुडघ्यांत बसून भाकरी थापायची ताकद नसते. सुरत, नाशिक, पुण्याकडे पोरं गेलेली म्हातारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना शिजलेलं अन्न हवं. केळीच्या बागेत कटाईला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबाला मात्र कदाचित किलोभर डाळ आणि तेलाची पिशवी जास्त कामाची, कारण बाई तिच्या पद्धतीने रांधेल आणि ते तीन वेळा पुरेल. म्हणून प्रत्येक घरी एकदा नुसतं बोलायला जा, डबा न घेता. ओट्यावर बस, पाणी पी. काय खाता, काय चावत नाही, मीठ बंद आहे का, साखरेचा आजार आहे का, हे विचार. कोणाचं रेशन कार्ड बंद पडलेलं असतं, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. असं घर सापडलं तर बाबांना किंवा गटातल्या एखाद्या मोठ्या माणसाला घेऊन त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जा. एक कार्ड सुरू झालं तर ते तुमच्या वर्षभराच्या खिचडीपेक्षा मोठं काम.

तांदळाचा हिशेब. अकरा घरं म्हणजे साधारण पस्तीस माणसं धर. खिचडीला माणशी शंभर ग्रॅम कोरडं धान्य पुरतं. अडीच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, वरून फोडणीला धरून अर्धा किलो शेंगदाणा तेल. लसूण हात राखून घालू नकोस, आपल्याकडची खिचडी लसणाच्या फोडणीशिवाय कोणी खिचडी मानत नाही. पाणी मात्र घरच्या मापाने पटीत वाढवायचं नाही. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांची खिचडी पातळ होते. धान्याच्या अडीचपट पाण्याने सुरू कर, शेजारी उकळतं पाणी ठेव, लागेल तसं ओत. मीठ शंभर ग्रॅम घाल आणि मग चाखून वाढव.

उन्हाळ्याचं तू काहीच लिहिलं नाहीस आणि मला त्याचीच काळजी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-44 वर जातो. शिजलेला भात किंवा खिचडी कोमट अवस्थेत तीन-चार तास राहिली की त्यात जंतू वाढतात, आणि काहींचं विष परत गरम केल्याने जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही. अन्न 60 अंशांच्या वर गरम असलं पाहिजे किंवा मग लगेच खाल्लं गेलं पाहिजे. पातेल्याचं झाकण लावल्यापासून दोन तासांत डबा घरात आणि घास तोंडात, एवढा नियम पाळ. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधायची नाही. मेमध्ये तर खिचडी बंदच कर. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, एक कांदा. ज्वारीत उडीद दळलेला असल्यामुळे त्या भाकरीने पोट धरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ती खाता येते. लग्नसराईत लोक रात्री अकराला फोन करतील की दोन पातेली वरण-बट्टी उरली आहे, घेऊन जा. नाही म्हण. दुपारपासून मांडवात असलेलं अन्न म्हाताऱ्या माणसाच्या पोटात घालायचं नाही. अन्न वाया जातं म्हणून जीव तुटतो, माझाही तुटतो, तरी नाही म्हण.

भट्टी पेटवायला आणि विझवायला मोठं माणूस हवं, यात तडजोड नाही. तू कितीही धीट असलीस तरी. सिलिंडर उभा, भट्टीपासून लांब. ओढणी कमरेला खोचायचीसुद्धा नाही, काढून ठेवायची. गरम पातेलं उचलायचं नाही, जागेवरच डावाने डबे भरायचे. धरायला फडकं कोरडंच घ्यायचं, ओलं फडकं क्षणात तापून हात भाजतं. कोणी भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. मोठं भाजलं तर सरळ दवाखाना.

तुझी खरी अडचण पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे, तीही खोडून पुन्हा लिहिलेली. पोरं स्वयंपाकाला येतात, भांड्यांना थांबत नाहीत. शेवटी तू आणि तुझी एक मैत्रीण, दोघीच पातेली घासता. आणि तुला वाटतं, आपण बोललो तर गट मोडेल.

बोल. मात्र सगळ्यांसमोर एकाला धरून नको. ज्याला भांडी दिली आहेत त्याला पुढच्या शनिवारी एखाद्या घरी डबा पोचवायला पाठव, तुझ्याबरोबर. ज्या पोराने आजीच्या हातात डबा दिला आहे त्याला पातेलं का घासायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि कामं फिरती ठेव. तुमच्याकडे मुली भाकरी थापतात आणि मुलगे सायकलवर डबे नेतात, असं तू लिहिलंस. उलटं करून बघ. माझ्या खानावळीत पारोळ्याकडचा एक मुलगा राहायचा, परीक्षेनंतर महिनाभर मदतीला थांबला होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या भाकऱ्या काठाला चिरायच्या, तिसऱ्या आठवड्यात टम्म फुगायला लागल्या. आज तो स्वतःच्या घरी भाकरी करतो. तुझ्या गटातल्या मुलांना ही संधी का नाकारायची?

पैशाची वही मुलींपैकी एकीकडे आणि मुलांपैकी एकाकडे, दोघांची सही. वर्गणी देणाऱ्याला ती कधीही दाखवायची. फोटो भाजीचा काढा, पातेल्याचा काढा, तुमचा काढा. डबा घेणाऱ्याचा नाही. कोणी मोठा माणूस देणगी देऊन म्हणाला की वाटतानाचा फोटो हवा, तर त्याला तुझ्याऐवजी आईला बोलू दे.

फेब्रुवारी-मार्चचा विचार आत्ताच कर. पुढच्या वर्षी तू बारावीला, तुझे अर्धे सोबती दहावीला. तेव्हा अकरा घरं झेपणार नाहीत, आणि झेपली पाहिजेत असंही नाही. चार ठेव, ज्यांना दुसरं कोणीच नाही ती. बाकीच्यांना महिनाभर आधी स्वतः जाऊन सांग, की अमुक शनिवारपासून अमुक शनिवारपर्यंत डबा येणार नाही. शेजारणीलाही सांग. आणि आठवी-नववीतली चार-पाच पोरं आतापासून घे. तू पुण्याला शिकायला जाशील, जावंच, आणि त्या शनिवारी डबा कोण नेणार हे तुझ्या वहीत लिहिलेलं असावं.

एक राहिलंच. डबे दोन संच ठेव, भरलेला देऊन रिकामा आणायचा. काही घरांतून डबा रिकामा येणार नाही. मूठभर शेंगा असतील, चार बोरं असतील, कैरीची फोड असेल. तू संकोचून परत करशील. करू नकोस. डबा रिकामा धाडायचा नाही ही त्यांची रीत आहे. घे, तिथेच एक शेंग फोडून खा, आणि चांगली होती म्हणून सांग.

माझं खानावळीतलं पितळी पातेलं तुला देणार आहे. कल्हई करून घेतली आहे, तरी त्यात ताक किंवा चिंचेचं काही करू नकोस. रविवारी सकाळच्या बसने या. दोघी या, एकटीच्याने ते उचलत नाही. जेवायला भरीत करते.

तुझी,
मावशी