आषाढीची वारी आणि धरणावरची पाळी

वडीलधाऱ्यांपैकी कोणाच्या आयुष्यात देवभक्ती, संसार आणि नोकरी ही तिन्ही शेवटपर्यंत टिकलेली पाहिली का, आणि त्यांची ओढाताण झाली तेव्हा त्या व्यक्तीने काय केले, असे आपण विचारले आहे. माझे वडील, आमचे अण्णा, 91 वर्षांचे होऊन 2022 साली गेले. त्यांच्याविषयी मला सांगता येईल.

अण्णा माळकरी होते. 1957 साली ते कोयना धरणाच्या कामावर ओव्हरसियर म्हणून रुजू झाले, मधल्या काही बदल्या सोडल्या तर नोकरीची बहुतेक वर्षे कोयनानगरातच गेली आणि 1989 साली ते निवृत्त झाले. त्या सगळ्या काळात त्यांना आषाढीची पायी वारी एकदाही घडली नाही. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पालखी आळंदीहून निघते तेव्हा धरणावर पावसाळ्याच्या पाळ्या लागलेल्या असतात, आणि पाण्याची पातळी, पाझर, दरवाजे यांच्या नोंदींचे काम असलेल्या माणसाने रजा मागायची नसते, असे ते मानत. रजा मिळाली नसती असे नाही. त्यांनी ती मागितली नाही. एकादशीचा उपवास मात्र ते धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे तपासणीच्या बोगद्यात, उतरतानाही पाळत, आणि रात्री कितीही उशीर झाला तरी घरी आल्यावर आमच्याबरोबर हरिपाठ म्हणत. कार्तिकीला मात्र ते दरवर्षी न चुकता पंढरपूरला जात.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमच्या क्वार्टरची मागची भिंत पडली. अण्णांनी आम्हा तिघा भावंडांना अंगणात आणून घोंगडीत गुंडाळले आणि ते आईकडे पाहत उभे राहिले. पानशेतचे धरण फुटून तेव्हा जेमतेम साडेसहा वर्षे झाली होती. कोयनेचे पाणी सुटले तर कराडला कृष्णेला मिळून ते थेट सांगलीपर्यंत काय करील, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होते. आई म्हणाली, "अहो, तुम्ही धरणावर जा. पोरांना मी बघते." ते गेले, आणि थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. त्या भूकंपात सुमारे 180 माणसे दगावली. धरणाच्या पाणीसाठ्याविरुद्धच्या बाजूचा उतार वरच्या भागात जिथे बदलतो, त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या होत्या, पण 103 मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले. पुढे भेगा बुजवून त्या बाजूला जादा काँक्रीटचे आधार देण्याचे काम दीर्घकाळ चालले. त्या हिवाळ्यात आम्ही तंबूत राहत होतो, आणि आई शेजारच्या चार कुटुंबांचाही स्वयंपाक उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर करीत होती. अण्णांच्या नोकरीचे कौतुक पुष्कळांनी केले; त्या नोकरीमागे आईचे ते एक वाक्य होते, हे अण्णा स्वतः सर्वांना सांगत.

निवृत्तीच्याच वर्षी त्यांनी लोणंदहून पालखी गाठली. तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते, ते पाहून मग फलटण, माळशिरस, वाखरी असे चालत ते पंढरपुरास पोहोचले. दिंडीत त्यांच्या शेजारून चालणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने गाव विचारले. अण्णांनी कोयनानगर सांगितले तेव्हा तो म्हणाला की, माझेही गाव तिकडचेच, ते आता पाण्याखाली आहे. अण्णांनी आपण धरणावर होतो हे लपवले नाही. दोघे बराच वेळ काही न बोलता चालत राहिले, आणि मुक्कामाच्या ठिकाणी अण्णांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनीही वारीच्या रीतीप्रमाणे "माउली" म्हणून अण्णांच्या पायांना हात लावला. या प्रसंगाविषयी अण्णा फार क्वचित बोलत. माझ्या मते त्यांच्या भक्तीचे सर्वांत खरे रूप तेच होते, कारण ज्या कामाचा त्यांना आयुष्यभर अभिमान वाटला, त्या कामाची किंमत दुसऱ्या कोणी मोजली हे त्यांनी तिथे मान्य केले. पुढची चौदा वर्षे त्या दोघांनी एकाच दिंडीत वारी केली.

पाय थकल्यावर अण्णा घरीच असत. आषाढात रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्रातून दोन गोष्टी वाचून दाखवायचो: कोयनेचा पाणीसाठा आणि पालखीचा मुक्काम. 105 टीएमसीपैकी (अब्ज घनफुटांपैकी) किती भरले, हे ऐकल्यावर ते मनाशी काही हिशेब करीत आणि मग "हं, आता पालखीचं सांग" म्हणत. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या, तेव्हा त्यांना फार चुकल्यासारखे वाटले. 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली आणि पालखी लोणंदला पोहोचल्याची बातमी मी वाचली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि थोड्या वेळाने विचारले, "दरवाजे उघडले का रे?" अजून नाही, पाणी खूप खाली आहे, असे मी सांगितले.