खाडीकाठचा हंडा आणि कायद्यातला हक्क

प्रश्न: बेलापूर गावठाणात आमचं वडिलोपार्जित घर आहे, खाडी हाकेच्या अंतरावर. इंग्रजांनी बेलापूरचा किल्ला घेतला तेव्हा किल्ल्यातल्या कुणीतरी सोन्या-चांदीच्या नाण्यांचा हंडा आमच्या परसात पुरला, असं आजोबा सांगायचे. मोठा भाऊ म्हणतो, खाऱ्या पाण्यात एव्हाना काही उरलं नसेल. चुलतभावाने मात्र एक भगत गाठलाय आणि अमावास्येला खणायचं ठरवलंय. हंडा निघाला तर तो आमचाच ना?

उत्तर: तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. खारं पाणी लोखंड खातं, तांब्यावर हिरवी पुटं चढवतं, चांदी काळी पाडून हळूहळू पोखरतं. सोन्याला मात्र खाडीचा चिखल शतकानुशतकं काही करत नाही. हंडा गेला तरी आतली मोहर राहू शकते. पण किल्ला 1817 साली इंग्रजांकडे गेला, एवढ्यावरून तुमच्या परसात कुणी काही पुरलं असं ठरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. ‘आमच्या परसात निघालं म्हणजे आमचं’ या समजुतीने सरळमार्गी घरंही गोत्यात येतात. 1878 चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर काय, किती, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची किंवा ते मागतील तो जामीन द्यायचा. मग जाहीर नोटीस निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांदरम्यानची तारीख मिळते.

आता आजोबांच्या गोष्टीकडे या. पुरणाऱ्याचा वारस म्हणून दावा करायचा, तर ठेव सापडण्याआधीच्या शंभर वर्षांत पुरलेली असावी लागते. तुमची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे ती वाट बंद. ठेव बेवारस ठरली आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. आपसात करार असेल तर करारानुसार वाटणी होते. म्हणजे कुदळ चुलतभावाची असेल तर मोठा वाटा त्याचा! भावकीत पुढे काय होईल, ते मी सांगायला नको. शिवाय धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन सरकार ती ठेव स्वतःकडे घेऊ शकतं.

लपवलंत तर वाटा सरकारजमा होतो, आणि सापडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लपवायला मदत करणारा जमीनमालकही सुटत नाही. नाणी सराफाकडे नेऊन वितळवण्याचा विचारही करू नका; शंभर वर्षांपलीकडचं नाणं ही पुरावस्तू असते.

भगताला आजच नकार कळवा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार झाला, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. अशा खड्ड्यांपायी माणसांचे जीव गेले आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

उद्या घराचा पाया खणताना खरंच काही लागलं, तर काम तिथेच थांबवा, जागेवरच फोटो काढा, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. त्याआधी मिळकत पत्रिका काढा. परसाचा तुकडा सिडकोच्या संपादनात गेलेला असेल, तर मालकाचा चतुर्थांशही तुम्हाला मागता येणार नाही.