शेळ्या पहिल्यांदाच विणार आहेत, काय-काय तयारी करून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की काटोल रोडला दीड एकर घेतलं, चार बेरारी बकऱ्या आणल्या, पहिली ८ जुलैला फळली, बाकीच्या पुढच्या पंधरा दिवसांत. कोणीच याआधी व्यायलेली नाही, तुम्हीही हे कधी पाहिलेलं नाही, आणि सामानाची यादी हवी आहे. (शेळी म्हणा, बकरी म्हणा. आमच्याकडे ‘शेळी’ फक्त सरकारी कागदावर असते.)

यादी देते, पण सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी मीही यादीपासूनच सुरुवात केली होती. झाकणाच्या डब्यात हातमोजे, ब्लेड, दोरा, टॉर्च, सगळं दसऱ्यापासून तयार. आणि त्या वर्षी आमचं जे एक पिल्लू गेलं, त्याला वाचवायला त्या डब्यातलं काहीच लागणार नव्हतं. अंगठा आणि एक बोट पुरलं असतं. ते पुढे सांगते.

आधी तारीख. बकरी साधारण १५० दिवसांनी विते, पाच दिवस इकडे किंवा तिकडे. ८ जुलैपासून मोजलं तर ५ डिसेंबर येतो, आणि शेवटची २० च्या आसपास. पावसाच्या तोंडाशी फळलेल्या बकऱ्या ऐन थंडीत वितात आणि नागपूरचा डिसेंबर तुम्हाला माहीतच आहे. शहरात स्वेटरवर भागतं, वावरातल्या गोठ्यात पहाटे चार वाजता हाडं वाजतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चारही तारखा आजच लिहा आणि प्रत्येकीच्या सहा आठवडे मागे एक खूण करा. खरी तयारी त्या खुणेपासून सुरू होते. पहिल्या बकरीची खूण २४ ऑक्टोबरला पडते.

सहा आठवडेच का, तर पोटातलं पिल्लू जे काही अंग धरतं त्यातलं बहुतेक शेवटच्या दीड महिन्यातच धरतं. त्यातून जुळी असली की पोटात जागाच उरत नाही. बकरीला गरज दुप्पट आणि खायला जागा निम्मी, असा पेच होतो. नुसत्या कुटारानं (सुक्या भुशानं) तिचं पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. मग ती स्वतःची चरबी जाळायला लागते, आणि ते हाताबाहेर गेलं की बकरी बसते. आधी ढेप सोडते, मग कळपापासून बाजूला तोंड करून उभी राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो. असं दिसलं तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. फार वाळलेल्या बकरीला हे होतं, तसंच लाडानं फुगवलेल्या बकरीलाही होतं.

म्हणून खुराक हळूहळू वाढवा. माझ्या बकऱ्या तीसेक किलोच्या आहेत. त्यांना मी रोज १०० ग्रॅमपासून सुरू करते आणि दोन आठवड्यांत ३०० ग्रॅमवर नेते, सकाळ-संध्याकाळ वाटून. मक्याचा भरडा, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, थोडी सरकी ढेप आणि चमचाभर क्षार मिश्रण. एकदम ओंजळभर मका टाकला तर पोट आंबतं आणि नसलेलं दुखणं मागे लागतं. सोबत तुरीचं कुटार, आणि हिरव्यात सुबाभूळ, बोर, शेवगा जे हाताशी असेल ते. पाणी कोमट द्या. थंडगार पाणी बकरी तोंड लावून सोडून देते. आणि शेजारच्या पऱ्हाटीत (कपाशीत) चरायला सोडण्याआधी फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. पुसायला लाजू नका.

लसीचं आजच ठरवा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस विण्याच्या महिनाभर आधी टोचली की आईच्या चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून, पिल्लाला पहिल्या दिवसांचं संरक्षण मिळतं. तुमच्या बकऱ्यांना आधी कधीच दिलेली नसेल तर दोन डोस लागतात, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून, म्हणजे पहिला आत्ताच आणि दुसरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जंताचं औषध मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून पाजू नका. काही औषधं गाभणपणात चालत नाहीत. लेंड्या तपासून डॉक्टर सांगतील ते द्या. बोकड वेगळा बांधा. त्याला काही कळत नाही, धडक मारतो.

जागेचं फार अवडंबर नको. चार बाय पाच फुटांचा कोपरा, एका वेळी एक बकरी. जमीन खरवडून, चुना भुरभुरून चार दिवस ऊन दाखवा आणि वर जाड अंथरूण टाका. सोयाबीनचं कुटार अंथरू नका, टोचतं. मी रामटेक-मौद्याकडून धानाची तणस आणते, मऊ असते आणि ओल पिते. उत्तरेच्या बाजूला बारदानाचा पडदा लावा, पण छताखाली हातभर फट राहू द्या, नाहीतर मुताचा वास कोंडून पिल्लांना न्यूमोनिया धरतो. आणि हात जोडून सांगते, तणशीवर मोठा बल्ब टांगू नका. बकरी वायरला शिंग अडकवते, बल्ब खाली येतो आणि गोठा पेटतो. गरम पाण्याच्या दोन बाटल्या बारदानात गुंडाळल्या की तेच काम होतं, आणि लाइन गेली तरी होतं.

आता ती रात्र. खरं तर रात्रच असेल असं नाही, आमच्या निम्म्या तरी बकऱ्या दिवसाउजेडी व्यायल्या. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारख्या कडक दोऱ्या लागतात. आजपासून रोज हात लावून त्यांची ओळख करून घ्या. ज्या दिवशी त्या सापडेनाशा होतात आणि तिथे खळगा पडतो, त्यानंतर बहुतेक एका दिवसात बकरी विते. कास ताणून चकाकते. ती खुरानं जमीन उकरते, उठते, बसते आणि मागे मान वळवून स्वतःच्याच पोटाशी हळू आवाजात बोलते. हा आवाज एरवी ती कधीच काढत नाही. मला आजही तो ऐकला की काटा येतो.

मग चिकट सोट, मग पाणमोट, आणि मग पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक. हे तिन्ही दिसलं तर हात मागे बांधून उभे राहा. पोहण्यासाठी सूर मारावा तसं पिल्लू येतं. नाका-तोंडावरचा चिकटा पुसा, बाकीचं आईला चाटू द्या. आपणच फडक्यानं पुसून चकचकीत केलं तर ती पिल्लाला ओळखत नाही आणि मग आठवडाभर बाटली तुमच्या गळ्यात. नाळ बहुतेक आपोआप तुटते. तिचं टोक टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवायचं, बोळ्यानं नुसतं टिपायचं नाही.

डॉक्टरला कधी बोलवायचं? अर्धा तास जोर लावून काहीच पुढे सरकलं नाही तर. एकच पाय दिसतोय, किंवा फक्त शेपटी, किंवा डोकं आहे आणि पाय नाहीत, तर. एक पिल्लू झालं, अजून जोर चालू आहे आणि अर्ध्या-पाऊण तासात दुसरं नाही, तरीही. स्वतः ओढाओढ करू नका, पहिल्या वर्षी तर नाहीच. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे, आणि सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण काटोल रोडवरून रात्री दोन वाजता बकरी गाडीत घालून तिथे नेणं हा शेवटचा उपाय. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना नोव्हेंबरमध्येच एकदा भेटून या, चारही तारखा सांगा आणि त्यांचा नंबर घ्या. ओळखीच्या माणसाचा फोन रात्री उचलला जातो.

वार (पिल्लाभोवतीची झिल्ली) पडायला काही तास लागतात. लोंबतेय म्हणून ओढू नका, आत फाटली तर बकरी जाईल. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. पडलेली वार खोल पुरा, नाहीतर त्या वासानं मोकाट कुत्री गोठ्यापर्यंत येतात. एखादी बकरी गाभडली (दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलं) तर ते सगळं उघड्या हातानं उचलू नका, हातमोजे घाला, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला विण्याच्या सगळ्याच कामापासून लांब ठेवा. काही रोग माणसांना लागतात.

आता आमच्या त्या पिल्लाचं. पहिल्याच वर्षी, तिसरी बकरी, पाठच (तरणी, पहिल्यांदाच विणारी) होती. संध्याकाळी सातला व्यायली, एकच पिल्लू, पांढऱ्या कानांचं. तासाभरात उभं राहिलं, सडाला लागलं, शेपटी हलवत होतं. मी समाधानानं जेवायला गेले. सासूबाई म्हणाल्या, “वार पडेपर्यंत पाजू नको, चीक जड पडतो.” मी त्यांना मोठ्या शहाणपणानं समजावलं की चीक लगेचच पाजायचा असतो, पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगप्रतिकार मिळत नाही, तो सगळा चिकातूनच मिळतो, आणि आतडं तो घेतं ते पहिले काही तासच. सगळं बरोबरच होतं. सकाळी सहाला पिल्लू थंड पडलं होतं. मी चमच्यानं दूध घातलं, ते ओघळून बाहेर आलं. आठ वाजता गेलं.

शेजारचे काकाजी आले, बकरीच्या कासेशी बसले, अंगठा आणि बोटानं सड धरून जरा जोर दिला. टोकातून मेणासारखी पिवळी गुठळी निघाली आणि मागून दाट चिकाची धार. “बाई, ते पेऊन राह्यलं होतं, पन पोटात काईच जाऊन नोहोतं राह्यलं,” म्हणाले. पहिल्यांदा विणाऱ्या बकरीच्या सडाला असं बूच बसलेलं असतं. जोमदार पिल्लू ओढून काढतं, अशक्त पिल्लू नुसतं चोखत राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं पितंय.

तुमच्या चारही बकऱ्या पहिलारू आहेत. प्रत्येकीचे दोन्ही सड पिल्लू उभं राहायच्या आधीच पिळून दोन-दोन धारा काढा. पिल्लाला चीक तासाभरात मिळाला पाहिजे. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात निदान २०० मिली, चार-पाच वेळा मिळून. पितंय की नाही हे शेपटीवरून ठरवू नका, पोटाला हात लावा. भरलेलं पोट घट्ट आणि गोल लागतं, रिकामं आत जातं.

आणि तोंडात बोट घाला. आत गार लागलं तर दूध पाजू नका, ही माझी दुसरी चूक होती. गार पिल्लाला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. आधी बाटल्यांच्या मध्ये, गोधडीत किंवा सरळ आपल्या स्वेटरच्या आत ऊब द्या. थर्मामीटरवर १०० फॅरनहाइट दिसलं की मग चीक. पुढच्या वर्षी असंच एक पिल्लू मी छातीशी बांधून सकाळची भाकर थापली. ती पाठ आता स्वतः तीन वेतांची आई आहे आणि अजून माझ्या ओढणीला तोंड घालते.

तर यादी. टिंक्चर आयोडीन आणि रुंद तोंडाची छोटी बाटली. हातमोजे. नवं ब्लेड, दोरा. जुनी सुती लुगडी फाडून केलेले तुकडे, वाटतात त्याच्या दुप्पट. थर्मामीटर. पिल्लू तोलायला मासे तोलायचा हुकाचा काटा. पिल्लाला पाजायला रबरी बुचाची बाटली. टॉर्च. गूळ, कारण व्यायल्यावर बकरीला कोमट गूळपाणी दिलं की ती बादलीभर पिते. आणि जिच्या सडांना चीक जास्त आहे तिचा पाव लिटर काढून फ्रीजरमध्ये टाकून ठेवा, दुसरीला कमी पडला तर तोच उपयोगी येतो. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवायची, उकळायचं नाही. उकळलं की खरवस होतो. तो तुम्ही खा.