सायकलिंगच्या कपड्यांच्या कंपनीने दुकानात ठेवलेल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला जावं का?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की रविवारी नाशिकहून गंगापूर धरणापर्यंत सायकल नेता, दुकानातून कार्यक्रमाचा निरोप आलाय, पण तिथे काही घ्यावंच लागेल का आणि बायकांसाठी काही असतं का, हे कळत नाहीये. घ्यावं काहीच लागत नाही. मी कॉलेज रोडच्या एका दुकानात अशा संध्याकाळी गेले होते. चहा-नाश्ता, कंपनीच्या माणसाचं छोटं भाषण, नव्या जर्सी आणि त्या दिवसापुरती सूट, एवढंच.

जायचं ते बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे आणि बैठकीला पॅड असलेली सायकलिंगची घट्ट चड्डी, अंगावर घालून बघायला. बायकांच्या मापाचे बिब एरवी दुकानात क्वचितच दिसतात. ऑनलाइन मागवा, बसला नाही की परत पाठवा, हेच चालू असतं. कंपनीची माणसं येतात तेव्हा मापंही सोबत आणतात.

ट्रायल रूममध्ये ताठ उभ्या राहून आरशात पाहिलंत तर बिब तोकडा वाटेल, खांद्यावरचे पट्टे ओढतील. घाबरू नका, तो शिवलेलाच असतो वाकलेल्या अंगासाठी. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून कमरेत वाका. पट्ट्यांचा ताण गेला, पोटावर काचलं नाही, मांडीवर चुण्या पडल्या नाहीत, तर माप बरोबर. दुकानात ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर) सायकल लावलेली असेल तर पाच मिनिटं बसू का, असं सरळ विचारा. माझ्या वेळी दुकानातल्या दादांनी आपणहून सीट माझ्या उंचीला लावून दिली. हाताला गुबगुबीत लागलेला पॅड सीटवर बसताच मांड्यांमध्ये गोळा झाला. दुसरा पातळ होता, दाबून पाहताना कडक वाटला होता, पण तो बैठकीच्या हाडांखाली नेमका बसला. हे फोटो बघून कधीच कळलं नसतं.

बायकांची ही हाडं सहसा एकमेकांपासून जास्त लांब असतात, म्हणून आपल्या बिबचा पॅड मागच्या बाजूला रुंद असतो. पुरुषांचा स्मॉल चालून जाईल असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. एरवी बिबच्या आत काही घालायचं नसतं, मात्र दुकानात घालून बघताना आतले कपडे राहू द्या.

कंपनीच्या माणसाला दोन गोष्टी नक्की विचारा. पॅड किती तासांच्या राइडसाठी आहे? आणि लघवीला जाताना जर्सी न काढता बिब खाली घेता येतो का? काही बिबना त्यासाठी मागे हूक किंवा चेन असते. विचारायला संकोच वाटेल, पण त्र्यंबकच्या रस्त्याला आडोसा शोधत पूर्ण जर्सी उतरवायची वेळ येण्यापेक्षा हे बरं. थर्मल जॅकेट फार आग्रहाने दाखवतात, ते राहू द्या. आपल्याकडच्या जानेवारीतल्या पहाटेला आर्म वॉर्मर (हातात चढवायच्या सुट्या बाह्या) आणि पातळ विंडचीटर पुरतं. ऊन चढलं की दोन्ही काढून जर्सीच्या मागच्या खिशात घालता येतं.

तिथे आलेल्या सायकलवाल्यांशीही बोला. महाजन बंधूंनी 2015 साली दोघांची टीम म्हणून रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली, त्यांचं हे नाशिक. लांब पल्ल्याच्या राइड करणारं कुणी ना कुणी भेटतंच, आणि कुठला पॅड वर्षभर टिकला हे ती माणसं मोकळेपणाने सांगतात.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर बिब घ्या, जर्सी नंतर. घरी गार पाण्यात धुवा, कपडे मऊ करणारं लिक्विड टाकू नका (त्याने कापडाची घाम शोषायची ताकद जाते), आणि पॅडची बाजू वर करून सावलीत वाळत घाला.