जुनं कापड: आधी ताकद बघा, मग कात्री लावा

प्रश्न: जुनं रेशमी कापड आहे, साधारण अडीच मीटर. ड्रेस शिवायचा विचार आहे, पण काही ठिकाणी बारीक चिरा दिसतात. अस्तर लावलं तर टिकेल का?

चिरा कुठे आहेत, त्यावर सगळं ठरतं. कापड खिडकीशी उजेडात धरा. चिरा फक्त घडीच्या रेघेवर असतील, तर तेवढा भाग वगळा. बाकी कापड बहुधा कामाचं निघेल. खात्रीसाठी दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणा, एकदा उभ्या धाग्यात आणि एकदा आडव्या. धागे सरकून फट पडली किंवा करकर आवाज आला, तर अंगावर घालायचा कपडा त्यातून शिवू नका.

घडी नसलेल्या जागीही समांतर चिरा पडल्या असतील, तर ते वजन वाढवलेलं रेशीम असू शकतं. रेशमातला नैसर्गिक डिंक काढला की त्याचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला कापड कथलाच्या क्षारांतून काढत. त्या क्षारांनी धागा कालांतराने ठिसूळ होतो. यावर उपाय नाही, अस्तरानेही ते वाचत नाही. फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) लावायचा मोह होईल, पण तो गोंद नंतर निघत नाही. असं कापड आम्लमुक्त पुठ्ठ्यावर टाके घालून बसवा आणि फ्रेम करा. काच कापडाला टेकू देऊ नका.

कापड धड असेल, तरी अख्खा ड्रेस त्यातून काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काख, पाठ आणि कंबर इथे सर्वांत जास्त ताण येतो. तिथे नवं कापड घ्या आणि जुनं रेशीम योक (खांद्याजवळचा तुकडा), कॉलर, कफ किंवा खिशासाठी ठेवा. एवढ्यानेही कपड्याचं रूप पालटतं.

रेशमाच्या प्रत्येक तुकड्यामागे मलमल लावा. मलमल आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटेल आणि वरचं रेशीम फुगून सुरकुतेल. मलमलीचा तुकडा प्रत्येक कडेला २ मिमी लहान कापा आणि दोन्ही कापडांच्या कडा जुळवून कच्चा धावदोरा घाला. मलमल किंचित लहान असल्याने ओढ आधी तिच्यावर येते, रेशमावर नाही. पुढे दोन्ही थर एकच कापड समजून शिवा आणि दीड सेंटिमीटर माया (शिवणीबाहेरची कड) सोडा. सुई ६० किंवा ७० नंबरची, नवी कोरी घ्या. टाका अडीच मिमीचा ठेवा. बारीक टाका घट्ट बसेल असं वाटतं, पण कापडाला टपाल तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटतं.

प्रश्न: भरतकाम केलेली सुती चादर पिवळी पडली आहे आणि मध्ये विरली आहे. काय करता येईल?

मधला भाग सोडून द्या. कडा सहसा दणकट असतात आणि भरतकामही तिथेच असतं. आधी रंग जातो का ते बघा. ओला पांढरा रुमाल भरतकामावर पाच मिनिटं दाबून ठेवा. रुमालाला रंग लागला, तर ब्लीच विसरा. मीठ किंवा व्हिनेगरने रंग पक्का होतो हा गैरसमज आहे. रंग जात नसेल, तर चार लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच) विरघळवून चादर काही तास भिजवा, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. तपकिरी ठिपके गंजाचे असतील, तर क्लोरीन ब्लीचने ते आणखी गडद होतात. ही पद्धत फक्त सुती आणि लिननसाठी आहे. रेशीम आणि लोकरीवर वापरू नका.

४० सेंटिमीटरच्या उशीच्या अभ्र्यासाठी पुढचा तुकडा ४२ बाय ४२ कापा. मागच्या बाजूला ४२ बाय ३० चे दोन तुकडे लागतील, ते नव्या सुती कापडाचे घ्या. दोन्हींची एकेक लांब कड ३ सेंटिमीटर दुमडून टीप मारा. मागे ते एकमेकांवर १२ सेंटिमीटर येतात, त्यामुळे चेनची गरज उरत नाही.

प्रश्न: जुन्या कापडाचा लॅम्पशेड किंवा पडदा करावा का?

लॅम्पशेड चालेल, पण बल्ब एलईडीच हवा. २५ सेंटिमीटर व्यासाच्या शेडला सुमारे ८० सेंटिमीटर लांब पट्टी लागते, जोडाचे दीड सेंटिमीटर त्यात आले. रेशमाचा पडदा मात्र करू नका. उन्हाने रेशीम फार लवकर कुजतं आणि अस्तराने तो वेग फक्त कमी होतो.

प्रश्न: कापड कशाचं आहे ते घरी कसं ओळखायचं?

मायेतून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरडणारी काळी राख उरली, तर रेशीम किंवा लोकर. कागदासारखं जळून मऊ राखाडी राख उरली, तर सुती, लिनन किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला, तर बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि तसं असेल तर कापड १९३० च्या दशकाच्या अखेरच्या आधीचं नाही. रेयॉनची शंका असेल, तर धुताना पिळू नका. ओलं असताना त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि आडवं पसरून वाळवा.