ओळंबा सुटलेल्या भिंती : जुन्या वाड्यांविषयी प्रश्नोत्तरे

आमच्या वाड्याची 18 फूट उंच, 2 फूट जाड विटांची भिंत अंगणाकडे 4 इंच कलली आहे. गवंडी पाडायला सांगतात. ती सरळ होईल का? (दर्यापूर तालुका)

पाडण्याची घाई कृपया करू नका. भिंत एकसारखी कललेली असेल, तर माथा 4 इंच बाहेर गेल्यावर तिचा भारमध्य (सगळे वजन जिथे एकवटते तो बिंदू) पायाच्या मध्यापासून 2 इंचच सरकतो. पायाच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात तो राहावा, एवढी अट असते आणि 24 इंच जाडीला ती मुभा मध्यापासून दोन्ही बाजूंना 4-4 इंचांची असते. मात्र धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) वजन कललेल्या माथ्यावरच येते, आणि वर्षानुवर्षे माती चढवून धाबे फूटभर जाड झाले असेल, तर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार होतो. म्हणून आधी धाबे टेकूंवर घ्या, वरची जादा माती उतरवा.

भिंत मागे ओढता येते. समोरासमोरच्या भिंतींतून लोखंडी सळया आरपार नेऊन बाहेर रुंद पट्ट्या लावतात आणि आटे फिरवून अगदी थोडे थोडे ताणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील एका इमारतीच्या भिंती तापवलेल्या सळया थंड होताना आखडतात, या गुणावर ओढून घेतल्या होत्या. बंडीच्या चाकावर लोहार धाव (लोखंडी कडे) तापवून चढवतो, तेच हे तत्त्व आहे. 6 मीटरची सळई 100 अंशांनी तापली, तर सुमारे 7 मिलिमीटर वाढते. तरीही माझे मत असे की कलणे थांबले असेल, तर भिंत आहे तशीच सळयांनी बांधून ठेवावी. ओढताना जुने सांधे उघडतात, कोपऱ्यांच्या आडव्या भिंती तडकतात. हे काम संरचना अभियंत्याच्या देखरेखीशिवाय कधीही करू नये.

भिंतीची भेग उन्हाळ्यात बोटभर उघडते आणि पावसाळ्यात मिटते. दरवर्षी बुजवतो, तरी पुन्हा येते. (मूर्तिजापूर तालुका)

दोष भिंतीचा नसून खालच्या काळ्या मातीचा आहे. ती ओलीने फुगते, वाळली की आकसते, आणि कोपऱ्याजवळचा कडुनिंब किंवा पिंपळ तिचे पाणी आणखी ओढून घेतो. उघडलेली भेग सिमेंटने गच्च भरली, तर पावसाळ्यात तिला मिटायला जागा उरत नाही आणि भिंत दुसरीकडे फुटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून वर्षभर, दर पंधरवड्याला अंतर मोजा. पन्हाळीचे पाणी पायापासून दूर न्या, भिंतीलगतची न्हाणी हलवा. मोठे झाड मात्र एकदम तोडू नका, कारण मग माती उलट फुगू लागते.

भिंतीला पोट आले आहे, ठोकले की पोकळ वाजते. सिमेंट भरावे का? (बाळापूर तालुका)

भरू नका. अशी भिंत आतला आणि बाहेरचा असे विटांचे दोन पडदे आणि मधली भर मिळून बनते; ही भर खाली बसली असून बाहेरचा पडदा सुटला आहे. आधी टेकू द्या, मग पडदे गंजरोधक सळयांनी एकमेकांना जोडा आणि चुना व विटेची सुरखी (भुकटी) यांचे पातळ मिश्रण खालून वर, थोड्या उंचीच्या टप्प्यांत भरा. एकदम ओतल्यास त्याच्याच दाबाने पोट फुटेल. बाळापूरचा विटांचा किल्ला 1757 मध्ये पुरा झाला, तर पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 सालचे आहे; म्हणजे अशी जुनी बांधकामे सिमेंटच्या आधीची आहेत. सिमेंटचा कडक थर जुन्या विटेतील ओल अडवतो, क्षार विटेतच साचतात आणि तिचे तोंड झडू लागते.